धुळ्यातली टाकी

आबा कुणाच्याही घरी बोलावल्याशिवाय जात नसत, आणि बोलावणं कशाला म्हणायचं याबद्दल त्यांचे नियम कडक होते. ‘या ना कधीतरी’ हे बोलावणं नव्हे. ‘कधीही या, घर तुमचंच आहे’ हे तर मुळीच नव्हे. ‘कधीही म्हणजे कधीच नाही,’ असं ते म्हणत. बोलावण्यात तारीख हवी, वेळ हवी. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून नोकरी झालेली. कुणाच्या शेताला कुठल्या वारी किती वाजता पाणी सुटणार, हे ठरवण्यात सगळी हयात गेली. त्यामुळे एकुलता एक मुलगा अडीच तासांवर धुळ्याला असूनही वर्षानुवर्षं ते त्याच्याकडे गेले नव्हते. मुलगा फोनवर दर वेळी ‘या ना आबा’ म्हणायचा. तारीख सांगायचा नाही.

एकदा मात्र तारीख मिळाली होती. नातीचा तिसरा वाढदिवस. तेव्हा ते आठ दिवस जाऊन राहिले आणि नातीसाठी दोन फुटी काचेची टाकी लावून आले. पाण्यातली झाडं, खाली वाळू, सहा गप्पी मासे. मी त्यांच्या घरात राहायला आले तेव्हा या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. तरी ते त्या टाकीबद्दल असं बोलायचे, की जणू काल संध्याकाळीच बघून आलेत.

मी त्यांची भाडेकरू. जळगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, त्या मला मिळाल्या. धुळ्याहून बदली होऊन आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि नवऱ्यापासून वेगळी होऊन वर्ष झालं होतं. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक हळू आवाजात बोलायला लागतात. आबांनी तर विचारलंच नाही. खोली दाखवताना त्यांनी एवढंच विचारलं, की मी चालताना पाय आपटते का. त्यांची टाकी बरोबर माझ्या खोलीच्या खाली होती आणि वर धप्प झालं की मासे पानांआड दडायचे. मी नाही म्हटलं. त्यांनी मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला लावलं, स्वतः खाली जाऊन मासे बघून आले आणि मग किल्ली दिली.

त्यांच्या पुढच्या खोलीत टीव्ही नव्हता, सोफा नव्हता. भिंतीला लागून तीन फुटी टाकी, समोर एक खुर्ची आणि एक स्टूल. आत जाताना चपला तर सोडायच्याच, पण बोलायचंही हळू. टाकीत मासे मोजकेच होते, गप्पी आणि चार काळ्या मॉली. बाकी सगळी झाडं. मागे फितीसारखी लांब पानं पाण्याबरोबर एका दिशेला झुकलेली, पुढे बुटकी रोपं, मध्ये एका वाळल्या लाकडाला दोऱ्याने बांधलेलं जाड पानांचं झाड. मे महिन्यात जळगावचं ऊन भिंती तापवायला लागलं की आबा स्वतःसाठी कूलर लावत नसत. तो टाकीकडे वळवलेला असायचा.

पहिली टाकी लावायची असलेले लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. जाहिरात नव्हती, पाटी नव्हती, एकाकडून दुसऱ्याला कळायचं. येणारा माणूस मोबाईलमध्ये रंगीबेरंगी माशांचे फोटो दाखवायला लागायचा आणि आबा ते बघायचेच नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळे. दुपारी घरात कोण असतं? नळाचं पाणी येतं की बोअरचं? भांड्यांवर पांढरे डाग पडतात का? म्हणजे पाणी जड आहे. मग त्या पाण्यात जगणारी झाडं आणि मासे घ्यायचे, पाण्याचा गुणधर्म बदलायच्या भानगडीत पडायचं नाही. पारोळ्याच्या एका कापड दुकानदाराला दुकानात मोठी टाकी हवी होती. दुकान दुपारी तीन तास बंद असतं आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद असतं, हे कळल्यावर आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

ज्यांना ते हो म्हणत त्यांना आधी टाकीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून तो जागेवर ठेवायला सांगत. आठ दिवस तो कागद तिथेच. येता जाता पाय लागला, कुणाला अडचण झाली, दुपारी त्यावर थेट ऊन पडलं, तर जागा चुकली. मग ते जुन्या आलेख-कागदावर पेन्सिलीने आराखडा काढून देत. कुठे उंच झाडं, कुठे बुटकी, वाळू मागे जास्त आणि पुढे कमी, दिवा दिवसाला सहा तास, त्यावर एक मिनिट नाही. लहान टाकी सोपी असते असं सगळ्यांना वाटतं. आबा सांगत, की लहान टाकीत चूक लपत नाही, पाणी लगेच बिघडतं, नवख्याने दोन फुटांच्या खाली जाऊ नये. आणि झाडं लावून झाल्यावर पाच आठवडे मासे सोडायचे नाहीत. नुसती झाडं आणि पाणी बघत बसायचं. हे ऐकून बरेच जण पुन्हा येत नसत. यावलची एक नर्स तेवढी टिकली. ती दर महिन्याला बसने येऊन आपल्या टाकीचे फोटो दाखवायची आणि आबा ते एकेक मोठा करून बघायचे.

मी दर शनिवारी आईकडे धुळ्याला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. हे कळल्यावर आबांनी एका शनिवारी मला पाणी भरलेली एक पिशवी दिली. आत त्यांनी छाटलेली रोपं होती. देवपूरला मुलाच्या घरी पोचवायची. आईच्या घरापासून ते घर रिक्षाने दहा मिनिटांवर.

दार सुनेने उघडलं. शाळेत शिक्षिका होती, टेबलावर वह्यांचा ढीग होता. तिने पिशवी हातात घेतली. मग मला गॅलरीत घेऊन गेली. टाकी तिथे होती. तिच्यात कांदे-बटाटे भरलेले होते.

ती काही वाईट बाई नव्हती. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत हे लोक गावी गेले असताना टाकीला कुठेतरी चीर गेली होती. पाणी गळून गेलं, मासे मेले, आठ दिवसांनी दार उघडलं तर घरभर वास. मुलीने तेव्हा रडून घेतलं होतं, आता तिला काही आठवतही नव्हतं. ‘आम्ही सांगणार होतो,’ ती म्हणाली. ‘पण ते फोनवर पहिलं टाकीचंच विचारतात. हे म्हणतात, चांगली आहे. मग पुढच्या वेळी कसं सांगायचं?’ तिने पिशवी परत माझ्या हातात दिली आणि मी काही बोलू नये, वेळ बघून ती स्वतःच सांगेल, असं म्हणाली.

रविवारी जळगावला परतताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एरंडोल गेलं तरी जुळली नव्हती. घरी पोचले तर आबा ओट्यावर बसलेले, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. बस वेळेवर मिळाली का, आईचं गुडघ्याचं कसं आहे, जेवण झालं का, हे त्यांनी आधी विचारलं. मग टाकीचं.

‘छान आहे,’ मी म्हटलं.

त्यांच्यासाठी खोटं बोलले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, त्या वर्षभरात माझी वाट बघत बसलेलं मला कुणी भेटलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तो ओटा रिकामा असता.

ती रोपं मी आईच्या घरी मागच्या खोलीत बादलीत ठेवली होती. दर शनिवारी नवी पिशवी यायची, ती बादलीत जायची. आबांचे प्रश्न बारीक असायचे. पानांचा रंग कसा आहे, टोकं पिवळी पडलीत का, नवा फुटवा मुळाशी येतोय की बाजूला? त्यांना सांगता यावं म्हणून मी बादलीत डोकं घालून बघायला लागले. आईला हे नवल वाटलं. ती सत्तरीची, घरात दिवसभर एकटी. तिने बादली उचलून उजेडात ठेवली आणि समोर पाट घेऊन बसायला लागली.

‘झाडेसले पानीमा जीव घाबरस नई का?’ तिने एकदा विचारलं.

मला उत्तर येईना. रविवारी मी आबांना सांगितलं, की नात असं विचारत होती. आबा इतके खूश झाले की उठून येरझाऱ्या घालायला लागले. त्यांनी सोप्या भाषेत उत्तर लिहून चिठ्ठी दिली, नातीला वाचून दाखवायला. झाड पाण्यातूनच श्वास घेतं, उजेड असला की पानांवर बारीक बुडबुडे दिसतात, ते बघायला सांग. मी चिठ्ठी आईला वाचून दाखवली. पुढच्या शनिवारी आईने मला बुडबुडे दाखवले.

अशा चिठ्ठ्या बऱ्याच झाल्या. हाऊ मासा जपस का नई, हेही आईनेच विचारलं होतं, घरात एकही मासा नसताना. मासा डोळे मिटत नाही तरी झोपतो, असं आबांनी नातीला कळवलं.

मग बादली पुरेना. मी एक दोन फुटी टाकी घ्यायचं ठरवलं आणि आबांना सांगितलं, की सूनबाई टाकी नव्याने लावणार आहेत. आबांनी तीन संध्याकाळी बसून आराखडा काढला. खिडकी कुठल्या बाजूला, असं त्यांनी विचारलं आणि मी आईच्या मागच्या खोलीचा विचार करून पूर्वेला म्हटलं. पेन्सिल थांबली.

‘त्यांच्या हॉलला पूर्वेला खिडकी नाही.’

मी म्हटलं, टाकी मागच्या खोलीत हलवलीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पेन्सिल पुन्हा चालू लागली.

आईच्या घरात कागद आठ दिवस जमिनीवर राहिला. मग टाकी आली, वाळू धुतली, झाडं लावली. जाड पानांच्या झाडाचा कंद मी वाळूत पुरला आणि तो सडला. आबांकडून सुनेच्या नावाने बोलणी खाल्ली, की कंद कधी पुरायचा नसतो, लाकडाला बांधायचा असतो, वासावरून कळायला नको का? पाच आठवडे मी आणि आईने नुसतं पाणी बघितलं. नंतर आबांनी दिलेले चार गप्पी सोडले. आई त्या दिवशी जेवायचं विसरली. एव्हाना मी खोटं बोलते आहे असं मला वाटेनासं झालं होतं. टाकी धुळ्यात होती, झाडं आबांची होती, मी रविवारी सांगत होते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. घर तेवढं दुसरं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आबा न्हाणीघरात पडले. फार लागलं नाही, पण मुलगा धावत आला, दोन दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, आता एकटं राहायचं नाही, कायमचं धुळ्याला यायचं. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येतो. आबांनी ते मला तीनदा सांगितलं. रविवार. सकाळी दहा.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःची टाकी मोडायला लागले. मी म्हटलं, टाकी बरोबर न्या ना. ते म्हणाले, एका माणसाला दोन टाक्या कशाला, तिथे एक आहेच, आणि ती लावलीय त्यांनी चांगली, तुम्हीच सांगता. झाडं त्यांनी वाटून टाकली. यावलची नर्स दोन डबे भरून घेऊन गेली, जाताना त्यांच्या पाया पडली. टाकी, दिवा, फिल्टर, सगळं गेलं. वाळू त्यांनी मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली पसरली. मॉलीही गेल्या. सहा गप्पी तेवढे नातीसाठी डब्यात ठेवले.

हे आठ दिवस चाललं. मी रोज ऑफिसातून येताना ठरवायचे की आज सांगायचं. सुनेला फोन करून आईकडच्या टाकीचं सगळं सांगितलं, पत्ताही दिला. ती म्हणाली, ‘आता आल्यावर दिसेलच त्यांना. मी समजावेन.’ शनिवारी मी धुळ्याला गेले नाही. संध्याकाळी खाली जाऊन बसले. रिकाम्या भिंतीवर टाकीच्या मापाचा फिकट चौकोन उरला होता. आबा कपड्यांची पिशवी भरत होते. त्यांनी मला विचारलं, की प्रवासात मासे मांडीवर धरले तर बरे की पायाशी? मी म्हटलं, मांडीवर. एवढंच बोलले मी.

रविवारी दहाला गाडी आली. आबा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर डबा, त्यावर ओला पंचा.

पुढचं मला आईने फोनवर सांगितलं. दुपारी दोनच्या सुमाराला दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मागे गाडीत मुलगा बसलेला, तो उतरला नाही. सुनेने पत्ता दिला होता. म्हाताऱ्याने चपला बाहेर काढल्या आणि टाकी कुठे आहे, एवढंच विचारलं. आईने मागची खोली दाखवली. त्यांनी डबा टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवला आणि ते पाटावर बसले. थोड्या थोड्या वेळाने टाकीतलं वाटीभर पाणी डब्यात घालत राहिले. आईने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. तासाभराने डबा तिरका केला, सहाही मासे पाण्यात गेले. मग उठून निघाले.

‘काय म्हणाले?’ मी विचारलं.

काही म्हणाले नाहीत, आई म्हणाली. जाताना दारात थोडा वेळ थांबले होते, चप्पल पायात शिरत नव्हती म्हणून.

त्यानंतर ते दर बुधवारी आईकडे यायला लागले. कधी मुलगा सोडायचा, कधी रिक्षा. कात्री घेऊन यायचे, पानं छाटायचे, काच पुसायचे. आईशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मी शनिवारी येते हे त्यांना माहीत होतं, म्हणून शनिवार-रविवार ते फिरकत नसत. मी फोन केला तर सून सांगायची, ते झोपलेत.

शेवटी मी एका बुधवारी रजा टाकली. ते आले, मला बघितलं आणि नेहमीसारखे मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. ‘आबा, माझी चूक झाली,’ मी म्हटलं. त्यांनी कात्री पाण्यात घातली. चार पानं छाटून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘झाडांचा जीव घाबरतो का, ते कोणी विचारलं होतं?’

‘आईने.’

‘आणि मासा झोपतो का?’

‘तेही आईनेच.’

त्यांनी वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. आई परातीत पीठ मळत होती. ती म्हणाली, ‘बठा ना भाऊ, च्या ठेवस.’ ते बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला. पण बोलले ते माझ्याशी, कपाकडे बघत.

‘मुलगा खोटं बोलला ते समजू शकतो. तो लांब होता. तुम्ही आठ दिवस समोर होतात. मी टाकी मोडत होतो आणि तुम्ही बादल्या धरत होतात. तेव्हा सांगितलं असतं तर मी तिथेच राहिलो असतो. माझं घर होतं ते.’

रिक्षा आल्यावर ते गेले.

जळगावला मी अजून त्याच खोल्यांत राहते. खालचा मजला बंद आहे. मुलगा म्हणतो, भाडेकरू बघू, पण बघत नाही. आता पाय आपटून चाललं तरी चालेल, पण सवय गेली नाही. धुळ्याच्या बदलीसाठी अर्ज केला आहे. रविवारी बसमधून उतरले की आठवडाभरातलं सांगण्यासारखं काहीबाही डोक्यात असतं आणि ते घेऊन मी जिना चढते.

आबांचं मुलाकडे बरं चाललं आहे असं सून सांगते. खोली वेगळी आहे, जेवण वेळेवर आहे. नात अभ्यासात असते. बुधवारची रिक्षा ते चुकवत नाहीत.

बुधवार त्यांचा आणि शनिवार माझा. मधे आई. शनिवारी गेल्यावर मी आधी टाकी बघते. कुठली पानं छाटलीत, कुठे रोप उपटून दुसरीकडे लावलंय, त्यावरून ते येऊन काय करून गेले ते कळतं. पावसाळ्यात मी पांझरेच्या पात्रातून एक चपटा दगड आणला, घासून धुतला आणि त्यावर एक नेच्याचं रोप बांधून टाकीत डावीकडे ठेवला. पुढच्या शनिवारी तो उजव्या कोपऱ्यात मागे सरकवलेला होता. मी पुन्हा डावीकडे ठेवला. तो पुन्हा मागे गेला. असं पाच-सहा आठवडे चाललं. मी चिठ्ठी ठेवली नाही.

मागच्या शनिवारी गेले तेव्हा दगड डावीकडेच होता. मी ठेवला होता तसाच. मला वाटलं, आबा या बुधवारी आलेच नसतील, बरं नसेल. मी आईला हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली. ते आले होते, तासभर होते, असं म्हणाली. ‘दगडले हात नई लावा त्यासनी,’ ती म्हणाली. ‘नुसता देखत बठनात.’